आजन्म म्हणजे किती

रुस्तावीत, मोटारबाजाराच्या मागच्या गल्लीत,
माझ्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून
त्सियालाने विचारलं :
ऑटोमॅटिक गियरचं तेल किती दिवसांनी बदलायचं?
एक हात बॉनेटवर,
गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.

गाडी ओतारची. ओतार गेला फेब्रुवारीत.
आता तीच मारते फेऱ्या तेलावीपर्यंत,
गोंबोरीच्या घाटातून, चार उतारू आणि टपावर पोती.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, म्हणाली,
गाडी क्षणभर विचारात पडते,
मग ढुशी मारते.

मी पट्टी ओढली, पांढऱ्या कागदावर टेकवली.
नवं असतं तेव्हा हे डाळिंबाच्या रसासारखं,
आरपार लाल.
कागदावर उमटला तो काढा,
आणि वास जळक्या दोरीचा.

तिने कप्प्यातून ओतारची वही काढली.
काय नव्हतं तीत!
पेट्रोलचा लिटर न् लिटर, वायपरचं रबर,
"सिघनाघीला पंक्चर, पोरगा सोबत",
एका पानावर नुसतंच "बर्फ".
या तेलाबद्दल मात्र अवाक्षर नाही.
"पुस्तकात लिहिलंय म्हणायचा," ती म्हणाली,
"आजन्म पुरतं."

आजन्म.
सत्तावीस वर्षं या खड्ड्यात उभा आहे, बाई,
जन्म कुणाचा धरायचा
ते त्या पुस्तकात कुठे छापलेलं मला दिसलं नाही.
कंपनीच्या लेखी हमीपत्र संपेपर्यंत.
पहिल्या मालकाच्या लेखी गाडी विकेपर्यंत.
ही तर समुद्रापलीकडून आली, दार चेपलेलं,
पोतीच्या बंदरात उतरली, काटा मैलांत,
आणि तोही कुणी मागे फिरवला असेल
तर देव जाणे आणि तो दलाल जाणे.

साठ हजार किलोमीटर म्हण. सपाटीला.
घाट, ओझं, ऑगस्टचं ऊन : चाळीस.
गाडी विचारात पडायच्या आधी.
हे झालं सोपं उत्तर.

दुसरं मी नेहमीच हळू आवाजात देतो :
इतकी वर्षं न बदललेल्या तेलात
झिजलेल्या चकत्यांची पूड असते,
आणि कधीकधी ती पूडच काय ते धरून ठेवते.
नवं स्वच्छ तेल घातलं, आणि दुसऱ्या दिवशी
गाडी फाटकातून हललीच नाही,
असंही माझ्या हातून झालंय. दोनदा.
दुसरी माझ्या मेव्हण्याची होती.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "काढ."

बूच सुटलं. धार काळी, मग तांबूस, मग थेंब.
तळाची थाळी खाली घेतली; चुंबकांवर
राखाडी लव उभी, मांजराच्या कानामागे असते तशी मऊ.
"हे काय?"
"लोखंड. आजवरचे घाट."
तिने बोट फिरवलं, मग ते बोट पुसायला
कुठे काही सापडेना.

मोजलं : साडेचार लिटर.
"आत किती राहिलं?"
"तेवढंच. कन्व्हर्टरमध्ये अडकून बसतं, बुचातून येत नाही.
नव्यात मिसळू दे. हजार किलोमीटरने ये,
मग आणखी एकदा.
सगळं कधीच जात नाही. जुनं पातळ होत जातं, बस."
यावर ती काही बोलली नाही, आणि मीही
स्वच्छ असलेलीच नळी पुसत राहिलो.

इंजिन चालू ठेवून, तापू देऊन, पातळी पाहिली.
तिने ओतारच्या शेवटच्या ओळीखाली
("डावा दिवा, नऊ लारी")
तारीख टाकली. आकड्यापाशी थांबली.
"मैल लिहू की किलोमीटर?"
"काट्यावर आहे ते लिही. हिशेब मी करीन."

फाटकाबाहेर पहिला, दुसरा.
मी खड्ड्यातून कान लावून होतो.
तिसरा कसा पडला ते कळलं नाही :
नेमका तेव्हाच कोपऱ्यावरचा खवीस कुत्रा
एका कामाझ ट्रकवर भुंकायला लागला.