उसवण

कॅटरिक छावणीच्या फाटकापासून तिसरं दुकान माझं.
दारावर अजून नवऱ्याचं नाव : हेसलडेन, शिंपी.
तो जाऊन नऊ वर्षं झाली. पाटी बदलायला पैसे पडतात.

साध्या शिपायाचं माझ्याकडे फारसं काम नसतं.
बाहीला फीत नाही, म्हणजे शिवायला काही नाही.
येतात ते विजारी आवळून घ्यायला,
घरून आणलेलं पोट
यॉर्कशरच्या माळावर सहा आठवड्यांत सांडलेली पोरं.

ऑर्मरॉड तसाच आला होता, बर्न्लीचा.
कमरेत दीड इंच. सुटे पैसे मोजून दिले.
दोन वर्षांनी आला एका फितीसाठी.
मी टाके घालेपर्यंत
खुर्ची असून उभाच राहिला.

काल तोच कोट.
"काढून द्या."

ब्लेडने एकेक टाका कापला.
फीत निघाली. खालचं कापड गडद,
नवं होतं तसंच,
आजूबाजूचं उन्हाने विटलेलं.
"दिसेल हे काही दिवस," मी म्हटलं.
त्याने अंगठ्याने ती जागा घासली,
डाग असावा तशी.

काय झालं रे?
"प्रायव्हेट," एवढंच म्हणाला.

हुद्दा सांगितला, की खाजगी आहे म्हणाला,
कोण जाणे.
पावतीवर नाव लिहायचंच होतं.
लिहिलं : प्रायव्हेट ऑर्मरॉड. कोट एक. उसवण.
पैशांचा रकाना कोरा ठेवला.

बाहेर पाऊस तिरपा. कॉलर वर करून गेला.

फीत इथेच राहिली,
बटणांच्या डब्यात.