पक्कड

गेंडा छाप, आठ इंची.
बाबांनी लोहाओळीतून घेतली तेव्हा मिल चालू होती
आणि पगारातून महिन्याला सात रुपये कापून जायचे.
कार्डावर छापलंय : आजीवन हमी.
कोणाच्या आजीवन, ते छापलेलं नाही.

मोडली ती एप्रिलच्या चोवीस तारखेला,
नंदनवनात, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर.
कुलरच्या मोटरचा गंजलेला नट सुटेना.
पक्कडीनं नट सोडवू नये,
हे मला बाबांनीच शिकवलेलं.
पण पाना खाली स्कूटीवर राहिला होता,
जिना लोखंडी, आणि ऊन चव्वेचाळीस.
टक्.
वरचा अर्धा जबडा टाकीत पडला.
हात घालून शोधला :
वाळ्याचा गाळ, एक मेलेला भुंगा, मग तो.

मुर्तुझाभाईंनी कार्ड उजेडात धरलं.
जांभळ्या शाईत आजोबांचा शिक्का होता
तो अंगठ्यानं चाचपला.
"गेंडा तं कधीचाच गेला ना, ताई."
कंपनी एकीनं घेतली, तिला दुसरीनं,
आणि दुसरी आता नुसते बाथरूमचे नळ बनवते.
"तरी एक नंबर आहे. लागला तं लागला."

लागला, अकराव्या दिवशी.
पलीकडची मुलगी गोड होती, घाईत होती.
मॉडेल? घासून गेलं.
खरेदीचं वर्ष? मी जन्मायच्या आधीचं.
ती जरा थांबली,
मग म्हणाली, तुमची जन्मतारीख सांगा.
सांगितली. तिनं ती कुठेतरी भरली.
हे उत्पादन आता बनत नाही, मॅडम,
समतुल्य पाठवू.
फक्त जुनीचे दोन तुकडे करा
आणि फोटो टाका.

म्हणजे मोडलीय हे पटवायला
आधी नीट मोडायची.

रात्री वाईसमध्ये आवळली.
हॅकसॉ तिच्यावरून सरकत राहिला,
काचेवरून नख सरकावं तसा.
पहिलं पातं गेलं. दुसरं गेलं.
पातं अठरा रुपयांना एक. पात्याला हमी नसते.
सायकलच्या ट्यूबचं वेष्टण सोललं,
तर खाली पंच केलेले आकडे निघाले : २२१७.
बाबांचा मिलमधला बिल्ला.
नाव नाही टाकलं त्यांनी.
नाव कोणीही घासून टाकते, म्हणायचे,
दुसऱ्याचा नंबर कोण आपला म्हणेल?

आई दारात आली.
"काऊन वं, काय घासून राहिली इतक्या रात्री?"
हिच्या बदल्यात नवी मिळतेय.
"मंग हिनं काय वाईट केलं?"

याला उत्तर नव्हतं. तिसरं पातंही नव्हतं.
मी वाईस सैल केला, ती उलटी धरली,
आणि तेव्हा दिसलं
की ती पहिल्यापासून दोनच तुकड्यांची आहे,
मध्ये फक्त एक रिव्हेट.
ड्रिलनं त्याचं डोकं पोखरलं, पंच ठेवून दोन ठोके.
पेपरावर दोन्ही बाजू वेगळ्या मांडल्या.
एकीवर २२१७, दुसरी कोरी.
फोटो काढला. पाठवला.
खोटं काहीच नव्हतं त्यात.

समतुल्य आली मेच्या शेवटी,
सीझन अर्धा संपल्यावर.
पिवळ्या मुठी, हलकी, बोटानं उघडते.
सोबत कार्ड : हमी एक वर्ष.
काम करते. तक्रार नाही.
फक्त बंद करताना हात अजून जरा जास्तच जोर काढतो
आणि तो जोर कुठे ठेवायचा, कळत नाही.

जुनीत मी सहा नंबरचा खिळा ठोकून
दोन्ही बाजू पुन्हा एक केल्या.
वरचा जबडा अर्धाच आहे,
तार धरत नाही, नट तर नाहीच नाही.
आई तिनं सकाळी चहाचा गंज उतरवते.
सांडशी आहे घरात, चांगली आहे.
तरी हीच घेते.