हातचा एक

जानेवारी संपला. सगळ्यांचे रिटर्न्स भरून झाले.
हॅलिफॅक्सच्या त्या उतारावर, गालिच्यांच्या दुकानावर
माझं दोन खोल्यांचं ऑफिस,
किटली गार पडलेली, आणि शोना म्हणाली,
आता लोकांना विचारूया का, आपण कसे आहोत ते?

विचारूया म्हटलं. सोळा वर्षांत विचारलं नव्हतं.
पाच प्रश्न, प्रत्येकापुढे पाच चांदण्या,
खाली दोन रिकाम्या ओळी.
चौऱ्याऐंशी पाकिटं, परतीच्या तिकिटासकट.
तिकिटं सेकंड क्लासची. मीही शेवटी हिशेबनीसच.

परत आली एकोणीस.
नसरीनच्या पार्लरमधून पाचात पाच,
शाई निळी, घाईची.
मिसेस ग्रीनवुड कोरा फॉर्म घेऊन स्वतःच आल्या,
सोबत बटरपेपरात आल्याचा केक.
एकानं लिहिलं, जिना फार उभा आहे.
एकानं लिहिलं, फी.
नुसतं फी. पुढे पूर्णविराम.

शोनानं सरासरी काढली, चार पूर्णांक सहा.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग विसावं आलं, उशिरा,
क्लिफर्ड बॅराक्लफ प्लंबरचं.
नऊ वर्षं माझ्याकडे होता. गेल्या साली दुसरीकडे गेला,
न भांडता, न सांगता.
त्याचं नाव यादीतून काढायचं राहिलं होतं.
चांदण्यांना हात लावलेला नव्हता,
दोन ओळी संपून अक्षर समासात चढलेलं:

तुमचं कधी चुकलं नाही.
पण तुम्ही काय म्हणता ते मला कधी कळलं नाही.
मी मान डोलवायचो. सही करायचो.
खाली गाडीत बसून बायकोला फोन करायचो.
ती विचारायची, काय म्हणाल्या?
मी म्हणायचो, सगळं ठीक आहे.

कागद ड्रॉवरमध्ये टाकला. दोन दिवस तसाच.
आधी राग आला. विचारायचं होतंस ना, बाबा,
कळलं नाही म्हणायला काय पैसे पडतात?
तिसऱ्या दिवशी आठवलं. पडतात.

ह्याच गावात, आल्यावर दुसऱ्याच महिन्यात,
दातांच्या डॉक्टरसमोर मी मान डोलवली होती.
तो आपल्या यॉर्कशरी बोलीत काही विचारत होता.
मी हो म्हटलं. परत हो.
आणि न दुखणारी दाढ काढून घेऊन घरी आले.
नवऱ्याला सांगितलं, सगळं ठीक आहे.

संध्याकाळी शोना गेल्यावर
मी समोरच्या खुर्चीत जाऊन बसले,
ते बसतात त्या.
माझ्या खुर्चीपेक्षा ती चार बोटं बुटकी.
तिथून माझा स्क्रीन दिसत नाही,
दिसते त्याची पाठ, आणि वायरी.
मागं खिडकी, खिडकीत उजेड,
आणि माझी जागा आहे तिथं
एक काळी आकृती.
तिला कोण काय विचारणार?

गणिताच्या कारखानीस बाई वहीवर टिचकी मारायच्या,
तुझे आकडे बरोबर असतात गं, हातचा राहतो.
हातचा एक. वर, कोपऱ्यात, बारीक लिहून ठेवावा.

क्लिफर्डला फोन लावला.
परत या म्हटलं नाही.
तो कुणाच्या तरी सिंकखाली होता, मागं पाणी ठिबकत होतं.
विचारलं, सगळ्यात आधी काय कळलं नव्हतं?
जराही न थांबता म्हणाला,
पेमेंट ऑन अकाउंट. पहिल्याच वर्षी.

समजावून सांगितलं. चार मिनिटं लागली.
पुढच्या बिलातलं निम्मं आधीच का मागतात,
आणि जुलैत पुन्हा का.
पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.
बरं, म्हणाला. मग थोड्या वेळानं,
म्हणजे ते मला दंड करत नव्हते?

नऊ वर्षं.

सोमवारी खालच्या गालिचेवाल्यानं टेबल फिरवायला हात दिला.
आता उजेड माझ्या तोंडावर पडतो, दुपारी डोळे दुखतात.
खुर्च्या सारख्या घेतल्या. स्क्रीन मधोमध.
जिना अजून उभाच आहे.
फीचं बघू.