दोन बोटं माती

नर्सरीत प्रत्येक कुंडीला एक चिठ्ठी खोचलेली असते.
तिच्यावर फोटो, खोटा वाटावा इतका रंगीत,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात एक आकडा:
हे झाड कुठवर सोसेल.

आमचं डुलुथ चाराच्या पट्ट्यात येतं.
चार म्हणजे उणे तीस. फॅरनहाइट.
मी पाच वर्षं पाचाची झाडं आणली,
एका आकड्यानं काय होतंय, म्हणत.

काय होतं ते एप्रिलअखेर कळतं.
जपानी मेपल चिमटीत मोडला, पापडासारखा.
हायड्रेंजिया वाचला, पण नुसता पाला,
फुलं ज्या जुन्या काड्यांवर यायची त्याच मेल्या.
आणि लॅव्हेंडर मुळांसकट वर आलेला,
फुगत्या, गोठत्या जमिनीनं बाहेर काढलेला,
नको त्या पाहुण्याला फाटकापर्यंत पोचवावं तसा.

नवरा म्हणाला, प्लास्टिकची आण.
मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

शेजारची आयनो कोइविस्तो, वय त्र्याऐंशी,
हे सगळं कुंपणापलीकडून बघायची,
हातात कॉफी, तोंडातून शब्द नाही.
सहाव्या वर्षी बोलली:
"तू दुकानात जूनमध्ये जातेस. जूनमध्ये सगळंच छान दिसतं.
नोव्हेंबरात गल्लीतून फिर.
कोण उभं आहे ते बघ."

फिरले. कानटोपी, दोन मोजे, नाक गळतंय.
पोस्टामागे डॉगवूड, लालभडक काड्या, एक पान नाही.
सायबेरियन आयरिसच्या शेंगा, वाऱ्यात खुळखुळणाऱ्या.
वरच्या रस्त्याला, जिथलं घर कधीच पडलं
आणि नुसत्या तीन पायऱ्या उरल्यात,
तिथे पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना लायलॅक.
वाणसामानाच्या पावतीमागे यादी केली.
बोटं वळत नव्हती, अक्षर अजून लागत नाही.

मग आयनोचं घर विकलं गेलं. गुडघे, आणि जिना.
मुलगा तिला क्लोकेला घेऊन गेला.
नव्या माणसांना अंगणात खडी हवी होती.
सप्टेंबर संपताना तिचा फोन:
"सोमवारी ट्रक येणार. रविवारी माझी पेओनी काढून घे,
मी त्यांना विचारलंय.
काट्याचं फावडं घे, पात्याचं नको."

खाली रताळ्यांचा गुंता, वर गुलाबी डोळे.
पावाच्या सुरीनं तीन तुकडे केले,
फोन गवतात, स्पीकरवर.
"डोळे किती खोल ठेवू?"
"दोन बोटं."
"थंडी लागेल ना."
ती हसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
"लागायलाच हवी. उबेत ठेवलीस तर
पाला देईल, फूल देणार नाही."

मी चार बोटं पुरली.
माया म्हणा, नाहीतर सरळ अविश्वास.
पहिल्या वर्षी पाला.
दुसऱ्या वर्षी पाला, हिरवागार, निरोगी, निर्लज्ज.
तिसऱ्या सप्टेंबरात गुडघे टेकून
वरची दोन बोटं माती हातानं खरवडून काढली
आणि रात्री उठून दोनदा खिडकीतून बघितलं.

मंडळाच्या मीनाक्षी टिकेकर म्हणतात, यावर लिहा,
परदेश, मुळं, रुजणं वगैरे.
मी हो म्हणते. माझ्या डोक्यात तेव्हा हरणं असतात.
हरणं ट्यूलिप खातात, डॅफोडिलला तोंड लावत नाहीत.
लिहायचंच तर हे लिहावं.

यंदा जुलैच्या सुरुवातीला सात कळ्या, मुंग्यांनी भरलेल्या.
बोटाखाली गुलाबजामाइतकी मऊ लागली की कापायची.
कापली एक. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्लोकेला नेली.

आयनोनं चष्मा लावला, देठ बघितला,
टेबलावर उतरलेल्या मुंगीला कपानं वाट दाखवली.
"किती खोल लावलीस?"
"आता दोन बोटं आहे."
तिनं चष्मा काढला.
"आता?"