पोसी

क्लाक्सविकच्या धक्क्यावर पहाटे चारला लिलाव उभा राहतो.
बोटीगणिक यंत्रात एक दुभाष्या जन्मतो,
काट्याचं बोलणं लिलावाला समजावतो,
शेवटचं क्रेट उतरलं की मरतो.
दुभाष्या म्हणजे इंटरप्रिटर, माणूस नव्हे.
दीडशे ओळींच्या स्क्रिप्टपुरतं आयुष्य:
वाचलं, केलं, विसरला.

विसरतो, म्हणून हाइनीने
बावीस वर्षांपूर्वी, सी भाषेत,
त्याच्या खांद्याला एक पिशवी अडकवली.
आत रिकाम्या क्रेटचं वजन, बर्फाची घट,
आणि कुठला तांडेल हॅडकच्या तळाशी
लहान कॉड घुसडतो, त्याची नोंद.
दुभाष्याला आतलं काही ठाऊक नाही.
ठाऊक फक्त पत्ता,
वरच्या चिठ्ठीवरचं नाव: पोसी,
आणि एक निरोप:
मरताना या फंक्शनला हाक मार,
ते येईल, पिशवी रिकामी करील.

फेरोच्या भाषेत पोसी म्हणजे पिशवी.
माझ्या कानाला मात्र पोसणं ऐकू येतं.
दुसऱ्याचं ओझं न उघडता वाहायचं
आणि जाताना ज्याचं त्याला परत करायचं;
इतकी साधी रीत
माणसांत मी फार कमी पाहिली.

हाइनी निवृत्त झाला, कुनोयला मेंढ्यांकडे गेला.
त्याच्या खुर्चीवर रान्वा आली.
तिने बिलांचं नवं एक्स्टेन्शन लिहिलं:
कराचा दर, बँकेचा खाते क्रमांक,
हेसुद्धा दुभाष्याच्याच खांद्याला.
चिठ्ठीवर काय लिहावं?
फार विचार केला नाही. पिशवीला पिशवीच म्हणतात.

सोमवारी काटा बरा होता, मंगळवारी जरा जड.
गुरुवारी, अकराव्या बोटीला,
पडद्यावरचे आकडे गोठले
आणि पाच टन मासळी बर्फात बसून
आपल्या किमतीची वाट बघत राहिली.
तांडेल शिव्या देत होते, त्या भाषांतराविना कळत होत्या.

रान्वा दोन रात्री मेमरी उपसत बसली.
सापडल्या त्या हाइनीच्या पिशव्या,
शेकडो, भरलेल्या, कुणाच्याच खांद्यावर नसलेल्या.
एका खुंटीवर एकाच नावाची एकच पिशवी टांगता येते.
दुसरी आली की पहिली निमूट खाली पडते.
हाक मारली जात नाही. कुणी मेलेलं नसतं ना.
पत्ता पुसला जातो, ओझं तसंच राहतं.
आणि बर्फाची घट मागायला गेलेली स्क्रिप्ट
कराचा दर घेऊन परत येते.

तिने फोन लावला. मागे कुत्री भुंकत होती,
कळप डोंगरावरून उतरत होता.
"चूक माझीच," ती म्हणाली.
"माझीसुद्धा," हाइनी म्हणाला,
"वाटलं, या खुंटीला मी एकटाच."
मग बराच वेळ मेंढ्यांविषयी बोलला:
एका कुरणात दोन मालकांनी
मेंढीच्या कानावर एकच खूण कापली
तर शरदात भांडण ठरलेलं;
त्याच्या आजोबांनी डाव्या कानाला दोन खाचा दिल्या होत्या,
शेजाऱ्याच्या एक खाच, एक भोक.
"नाव देणं म्हणजे कान कापणं, पोरी.
आधी सगळ्यांचे कान बघून यावेत."

रान्वाने स्वतःच्या कानाला खडा लावला.
हाइनीची पोसी, रान्वाची पोसी,
नावं वेगळी केली.
टांगण्याआधी विचारायचं: इथे कुणी आहे का?
असेल तर गप्प बसायचं नाही, ओरडायचं.

शुक्रवारी एकोणीस बोटी.
एकोणीस दुभाषे मेले, आणि लॉगमध्ये
अडतीस वेळा उमटलं: रिकामी, रिकामी.
ती कॉफी थंड होऊ देत एकेक ओळ वाचत होती.
विसावी बोट धुक्यात अडकली होती.
तिचा दुभाष्या मात्र चारलाच जन्मला होता,
दोन पिशव्या खांद्याला घेऊन
रिकाम्या काट्यापाशी उभा,
शून्य, शून्य, शून्य सांगत.
रान्वाने त्याला बंद केलं नाही.