शेऱ्याचा रकाना

पाच वर्षांचा आराखडा मागितलाय राज्याने,
चौदा पानी, ठरलेल्या नमुन्यात.
पान एक: दृष्टी.
दृष्टी मी नेहमी शेवटी लिहिते.
आधी मोजून घेते, मोजता येतं ते:
नऊशे बारा लॅपटॉप, त्यातले साठ बिजागरीतून लुळे,
एकेचाळीस चार्जर कुठे गेले ते देवाला ठाऊक,
आणि सर्व्हर, जिमखान्यामागे झाडूंच्या खोलीत,
फिनेलच्या बादलीशेजारी
रात्रंदिवस स्वतःशीच पुटपुटणारा.

रेड नदीचं हे खोरं इतकं सपाट
की तीन शाळा जोडायला डोंगर आड येत नाही.
अंतर येतं. आणि कर.
रोख्यांचा ठराव अकरा मतांनी पडला, त्या रात्री
व्हर्लिन ओडेगार्ड, आमचे अधीक्षक,
एवढंच म्हणाले, "मार्लिस, अंथरूण पाहून."
पाहिलं.
त्यावर आधीच तीन शाळा झोपल्या होत्या,
आडव्यातिडव्या.

मग फार्गोहून लेखापरीक्षक आला, तरणा, नीटनेटका.
रात्री नऊनंतर वाय-फाय बंद करा, म्हणाला.
बरोबरच होतं त्याचं.
पान नऊवर मी तसं लिहिलंही,
आणि सवयीने नोंदी चाळायला बसले:
बंद केलं तर कुणाचं अडेल?

कुणाचंच नाही.
फक्त ०६१७.
येसेनिया कान्तू, चौथी, सप्टेंबरात दाखल.
रोज रात्री सव्वानऊ ते साडेअकरा
जिमखान्याच्या भिंतीला चिकटून.
चौथीतली पोर? साडेअकराला?

गेले बघायला. ऑक्टोबर संपत आलेला,
काचा खरवडाव्या लागत होत्या.
पार्किंगात एकच पिकअप, टेक्सासची पाटी,
चाकांना बीटाच्या शेतातली काळी माती,
आत निळसर उजेडात एक माणूस,
आठची पाळी सुटून आलेला,
हातांत पायमोजे चढवलेले,
उजव्याच्या भोकातून एक बोट तेवढं बाहेर.
पडद्यावर अपूर्णांक:
तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश.
चुकला.
फुंकर मारली बोटावर. पुन्हा चुकला.
काचेवर टकटक करून सांगावंसं वाटलं,
अहो, आधी छेद समान करा.
पण नियम चार-ब म्हणतो
यंत्र केवळ विद्यार्थ्याच्या वापरासाठी,
आणि मी टकटक केली असती तर
मला विचारावं लागलं असतं, आपण कोण.
आले तशीच परत.

दुसऱ्या दिवशी शिडी लावली.
जिमखान्यातला राउटर चार फूट सरकवून
पार्किंगच्या खिडकीशी बसवला.
खर्च: दोन स्क्रू.
पान नऊ खोडलं. लिहिलं:
"रात्रीच्या देखभालीसाठी जोडणी चालू ठेवणे आवश्यक."
वीस वर्षं हा शब्द लिहितेय, देखभाल.
त्यात देखणं पण आहे
हे मला त्या दिवशी दिसलं.

नोव्हेंबरात बीट संपले, माणसं परतायला लागली.
०६१७ आला पावाच्या पिशवीत,
चार्जर घडी घालून, वर रबरबँड.
"ही एक कळ," येसेनिया चाचरली.
सेमीकोलनवर कागदाचा इवला तुकडा,
चिकटपट्टीखाली, बॉलपेनने काढलेला
एन, माथ्यावर लाट असलेला.
"आमच्या आडनावात नाही, पण आजीच्या आहे.
पापांनी लावलाय. काढू?"

पापा दाराशी उभे होते, टोपी चुरगाळत.
मी त्यांच्याकडे पाहून विचारलं,
तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश?
ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग खिडकीकडे. मग वर, राउटरकडे.
"आठातले पाच," म्हणाले.

रकाना सहा, स्थिती: चांगली.
रकाना सात, शेरा.
नियमाने लिहायला हवं, कळफलकात फेरफार.
लिहिलं:
एक अक्षर जास्त आहे. राहू द्यावे.

पान एक अजून कोरंच आहे.
उद्या शेवटची तारीख.