गुलाबी डबी

शहापुरात खडेबाजारला माझं दुकान.
मुकुट, मिशा, गदा, पंख भाड्यानं मिळतील.
तीस वर्षं देव रंगवालोय.
कन्नड नाटकाचा राम आणि मराठी नाटकाचा राम
एकाच संध्याकाळी एकाच डबीतून निघालेत,
आणि बाहेर पाट्यांवरनं दगड चाललेले.

येशूची डबी वेगळी. गुलाबी.
दाढी तपकिरी, जाळीवर विणलेली.
डोळे निळे करता आले नाहीत कधी,
तेवढं त्यानं समजून घ्यावं.

यंदा फादर लाझरस आले खानापूरहून, स्कूटरवर.
सिनेमा करालोय म्हणाले, नंदगडच्या पुढं, रानात.
येशू कोण?
कायतान सिद्दी.
मी डबी पिशवीत टाकली. सवय.

कायतान मध काढतो.
स्टुलावर बसला तेव्हा अंगाला धुराचा वास होता.
त्याच्या केसांपुढं माझे सगळे विग
मेलेल्या घोड्यांचे.
गालावर पहिलं बोट ओढलं
आणि आरशात ते बोट तसंच राहिलं,
चापटीनंतर राहतं तसं,
फक्त पांढरट.

'पुसा,' फादर म्हणाले.
लोक ओळखणार कसे मग?
चुलीमागनं रोझा बोलली, त्याची आई,
'मी ओळखते की. नऊ महिने वागवलाय.'

पुसलं.
हातांना काम नाही म्हटल्यावर डोक्यात नको ते येतं.
सावळा म्हणतो आपण, ओवीत, पाळण्यात,
आणि माझ्या फळीवर त्याची डबी निळी.
काळ्याला काळा रंगवायला कोण लाजलं पहिल्यांदा?
कुणी कालवलं त्यात आभाळ?
मी तर नुसतं विकत घेत आलो, डझनाच्या भावात.

रोमन शिपायांचे पोशाख दोनच होते, उंदरांनी कुरतडलेले.
'खाकी चालेल,' फादर म्हणाले.
पोरं खाकी घालून आली, हातात वेताच्या छड्या,
आणि कायतानचे खांदे आखडले.
कॅमेरा अजून चालू नव्हता.

पाठीला लाल लावू का, विचारलं.
त्यानं शर्ट काढला.
एका मोळीचं आहे, म्हणाला, दोन पावसाळे झाले.
मी लालचं झाकण लावलं.
ते नीट बसेना, आटे चुकत होते.

क्रूस जांभळीचा केला, वाऱ्यानं पडलेल्या.
सागाला हात लावला असता
तर खरोखरचा खटला झाला असता.

फणसाच्या दोन झाडांना चादर बांधली दाखवायला.
जनरेटर खोकत होता.
मागं, उजेड संपतो तिथं,
कुणीतरी बॅटरी विझवून उभं होतं,
पायात सरकारी बूट.
पडद्यावर खाकीनं छडी उचलली
आणि रोझा उठली, तिची सावली पोराच्या अंगभर पडली.
'उतरवा त्याला,' ओरडली,
'आत्ता उतरवा, तीन दिवस कशाला पाहिजेत तुम्हाला!'
फादरनी चष्मा काढला, पुसला,
पुसतच राहिले.
बूट निघून गेले, की तिथंच राहिले,
नक्की सांगता येत नाही.

परवा कॅम्पातनं फोन. गुड फ्रायडेला येशू पाहिजे.
मी विचारलं, कुठला?
पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग म्हणाले, नेहमीचा.
दिला. धंदा आहे. भाडं दोनशे.

डबी परत आली तेव्हा बोट घालून बघितलं,
पत्रा लागला.
नवीन आणायची राहिलीय.